सहा फूट घाट, पाच वाघिणी

१२ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा जाळून झाला आणि मांडवात तारेची थोडी जाळी, बांबूच्या कामट्या आणि दोन पोती वर्तमानपत्रांची रद्दी शिल्लक राहिली. मुलांनी ती टाकून द्यायला काढली होती. मी ती घरी आणली, कारण गोव्यातल्या कुळ्याच्या रेल्वे घाटाचा छोटा देखावा घरात करण्याच्या, गेली सहा वर्षे मनात असलेल्या कामाला निदान डोंगराचे साहित्य तरी फुकट मिळत होते. पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात २०१७ साली मुलांना घेऊन गेलो होतो. मुले चालत्या गाड्यांकडे पाहत राहिली आणि मी मात्र डोंगराच्या कडेला उगवलेल्या गवताकडे. तेव्हापासून आपल्या कुळ्याच्या घाटाचा एक तुकडा घरात असावा, असे वाटत होते. हे काम पुरे व्हायला चौदा महिने आणि एकंदर ३८,६०० रुपये लागले. सुरुवातीला विचारायला कोणी नव्हते, म्हणून काय काय घडले ते क्रमाने लिहितो.

मी सावर्ड्याला राहतो आणि पतसंस्थेत नोकरी करतो. सुतारकाम, रंगकाम यांपैकी काहीही शिकलेलो नाही. माझे मामा मात्र कुळे भागात रेल्वेचे कीमन, म्हणजे पायी फिरून रूळ तपासणारे कामगार होते. १८८० च्या दशकात बांधलेला मुरगाव बंदराचा हा मार्ग शंभरहून अधिक वर्षे मीटरगेज होता आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. मामांनी दोन्ही रुळांवर पायपीट केलेली आहे. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन घातलेल्या गस्तीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या असल्यामुळे माझ्या डोक्यात घाट म्हणजे पाऊसच होता. देखावा सप्टेंबर महिन्याचा, म्हणजे पाऊस ओसरलेला पण सगळे ओले, असा करायचा हे पहिल्याच दिवशी ठरले.

प्रमाण १:८७ चे घेतले, कारण चाके, रूळ आणि बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) याच प्रमाणात सर्वांत सहज मिळतात. पहिला हिशेब दूधसागराचा केला. धबधबा ३१० मीटर उंच आहे, म्हणजे या प्रमाणात साडेतीन मीटरांपेक्षा जास्त. आमच्या घराचे छतही तितके उंच नाही. म्हणून दूधसागर सोडला आणि कुळ्याच्या पुढचा डोंगर कापून काढलेला साधा रेल्वेमार्ग, रुळांखालून पाणी जाणारी एक लहान मोरी आणि बोगद्याचे तोंड एवढेच ठरवले. फळी सहा फूट बाय दोन फुटांची. घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे सहा फुटांत जेमतेम ४९ मिलिमीटर. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटला, पण रूळ टाकल्यावर मोकळी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, ज्या वेगाने खाली घरंगळली ते पाहून घाटात मालगाडीला मागून इंजिने का लावतात हे हाताला कळले.

एक तडजोड सुरुवातीलाच सांगतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर आहे. १:८७ मध्ये ती १९.३ मिलिमीटर व्हायला हवी. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो १,४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी बनवलेला आहे. म्हणजे माझी गाडी जरा अरुंद पायांवर उभी आहे. रूळ स्वतः बनवणारे लोक आहेत. मला ते झेपणारे नव्हते. त्याऐवजी दिसण्याचा फरक दुसऱ्या मार्गाने कमी केला. विकतच्या रुळाखाली लाकडी दिसणारे तपकिरी स्लीपर असतात, ते सगळे काँक्रीटच्या फिकट राखाडी रंगात रंगवले. तेवढ्यानेही रूळ एकदम आपल्याकडचा दिसू लागला.

मोजमापे आणि छायाचित्रे यांसाठी नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाच रविवार कुळ्याला गेलो. वास्को-कुळे पॅसेंजरने जायचे, प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे आणि फलाटावरून जे दिसेल तेच पाहायचे. स्टेशनावर आधी जाऊन छंदासाठी फोटो काढतो असे सांगितले. फलाट सोडून रुळांवर जाऊ नका, असे मला तेथे स्पष्ट बजावले गेले. जे रुळांवरून चालत दूधसागर गाठण्याचे बेत करतात त्यांनी लक्षात ठेवावे की रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि खरे तर रुळांवर उतरायची गरजही नव्हती. मागची इंजिने जोडायला मालगाड्या कुळ्याला थांबतात, कधी कधी तासभर, आणि तेवढ्या वेळात फलाटावरून एकेका वाघिणीचा प्रत्येक डाग वहीत उतरवता येतो.

लाकूडकाम जानेवारी २०२४ मध्ये मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून करून घेतले. बारा मिलिमीटरची पाणीरोधक प्लाय आणि खाली सागाची चौकट मिळून मजुरीसह ४,२०० रुपये झाले. मेस्ताने प्लायच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही दोन हात व्हार्निश द्यायला लावले. मला तो फुकटचा खर्च वाटला होता, परंतु जुलै महिन्यात घरातले प्रत्येक दार फुगून अडकू लागले तेव्हा ही फळी मात्र सरळ राहिली.

याच काळात परदेशातून मागवलेले सामान अडकले, आणि हा भाग मुद्दाम तपशिलात लिहितो. ९ जानेवारीला पाच जोड बोगी, वीस जोड धातूची चाके, रुळाचे तीन तुकडे आणि नायलॉनच्या गवताची दोन पाकिटे मागवली. सामानाची किंमत सुमारे ९,४०० रुपये. आपल्या बॉक्सएन, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणीखालची बोगी तीन ओतीव भागांची असते आणि अमेरिकी मालडब्यांखालची बोगीही त्याच पद्धतीची, त्यामुळे ती चालते. २४ तारखेला कुरियर कंपनीचा निरोप आला की पार्सल मुंबईत असून आधार, पॅन आणि बिलाची प्रत पाठवावी. ती त्याच संध्याकाळी पाठवली. त्यानंतर नऊ दिवस काहीच कळले नाही. मग विचारणा झाली की ही खेळणी आहेत, तर भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र कुठे आहे. मी घाबरून गेलो, कारण नऊ हजारांचा माल परत गेला असता तर हा उद्योग तिथेच संपला असता.

दोन संध्याकाळी बसून मी खेळण्यांचा २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश वाचला. त्यात खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू अशी आहे. मग एका पानाचे पत्र लिहिले: सामान सुटे भाग आहेत, वेष्टनावर चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी असे छापलेले आहे, वापर वैयक्तिक आहे, विक्रीसाठी नाही. सोबत वेष्टनाचे छायाचित्र विक्रेत्याकडून मागवून जोडले. उत्तर आले नाही, पण १ मार्चला पार्सल सुटल्याचा निरोप आला. शुल्क, कर आणि गोदामभाडे मिळून ४,३५० रुपये भरले. कोणाला असे सामान मागवायचे असेल तर विक्रेत्याला बिलावर नुसते ‘मॉडेल ट्रेन’ न लिहिता प्रत्येक भागाचे नाव आणि वयोमर्यादा लिहायला आधीच सांगावे. मी ते केले असते तर कदाचित महिना वाचला असता. आणि गवत, रंग, गोंद असल्या गोष्टी परदेशातून मागवूच नयेत.

डोंगर एप्रिलमध्ये घातला आणि तो चुकला. नरकासुराची रीत मला ठाऊक होती: जाळीवर वर्तमानपत्राचे पट्टे, मध्ये मैद्याची खळ. एप्रिल-मेच्या उन्हात तो खडखडीत वाळला, वर रंगही चढवला. ११ जूनच्या सुमारास पहिला जोरदार पाऊस झाला आणि महिनाअखेरीस बोगद्याच्या तोंडावर हिरवट-पांढरी बुरशी दिसू लागली. मी ती क्षणभर फार चांगली शेवाळ वठली आहे असे समजलो. जुलैमध्ये झुरळांनी मागची बाजू कुरतडली. नरकासुर एका रात्रीत जळतो म्हणून त्याला खळ चालते, हे आधी सुचायला हवे होते. सगळा डोंगर सोलून काढला. दुसऱ्या वेळी मेडिकल स्टोअरमधून हाड मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या. सहा इंची चौदा गुंडाळ्या, १,५४० रुपये. पट्टी पाण्यात बुडवून जाळीवर पसरली की पंधरा मिनिटांत घट्ट होते, दोन थर पुरतात आणि तिच्यात कोणाला खाण्यासारखे काही नसते. दुकानदाराने एवढ्या पट्ट्या पाहून कोणाला लागले, असे काळजीने विचारले.

मातीसाठी मात्र बाहेर जावे लागले नाही. अंगणातली तांबडी माती तव्यावर अर्धा तास भाजली, चहाच्या गाळणीतून आणि नंतर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळली. मग तिच्यात कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले. पहिल्या फेरीला कागदावर काळ्या कणांची दाढी उगवली! आपल्या मातीत लोह आहे हे शाळेत शिकलो होतो, पण ओंजळभर मातीतून चिमूटभर कण निघतील असे वाटले नव्हते. हे कण काढलेच पाहिजेत, कारण इंजिनाच्या मोटारीतले चुंबक ते ओढून घेते आणि मोटार खराब होते. सहा फेऱ्यांनंतर कागद स्वच्छ निघाला.

रुळांखालची खडी मातीइतकी सोपी नव्हती. रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते; १:८७ मध्ये ती पाऊण मिलिमीटरपेक्षा लहान. खडीच्या क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी एक पिशवीभर मागून आणली, धुऊन वाळवली आणि दोन गाळण्यांच्या मधला भाग घेतला. बारीक ब्रशने ती स्लीपरांमध्ये बसवायची, वरून थोडे स्पिरिट मिसळलेले पाणी फवारायचे आणि मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडायचे. आधी ओले न करता गोंद टाकला तर थेंब खडीवर मण्यासारखा उभा राहतो आणि खडीला घेऊन वाहतो. सहा फुटांना चार संध्याकाळी लागल्या. रुळांच्या बाजू खडी घालण्याआधीच गंजाच्या गडद तपकिरी रंगात रंगवून घ्याव्यात. मी नंतर रंगवल्या आणि माझी पाठ त्याची साक्ष देईल.

गवत उभे राहावे म्हणून यंत्र लागते, ते डास मारायच्या रॅकेटपासून बनवले. एक तार स्टीलच्या गाळणीला, दुसरी खिळ्याला. खिळा ओल्या गोंदाजवळ मातीत खुपसून गाळणीतले नायलॉनचे तंतू वर हलवले की ते विजेच्या ओढीने ताठ उभे राहून चिकटतात. दोन्ही टोके एकाच वेळी हातात घेऊ नयेत. मी एकदा घेतली. विकतच्या गवताचा हिरवा रंग आपल्याकडच्या सप्टेंबरपेक्षा फार शांत असतो, म्हणून त्यात पिवळसर पोपटी रंगवलेला काथ्या बारीक कापून मिसळला. डोंगरावरून लोंबणाऱ्या वेलींनाही काथ्याच कामी आला. झाडांचा पाला अंघोळीचा स्पंज मिक्सरमध्ये दळून, रंगवून केला. त्यासाठी घरातल्या मिक्सरला हात लावू नये. ४०० रुपयांना जुना मिळतो.

पाऊसभर रंगाचे काम बंद ठेवावे लागले. २२ जूनला धीर न धरता एका वाघिणीवर व्हार्निश फवारले, तर हवेतल्या ओलीने ते दुधाळ पांढरे पडले. झटपट चिकटणारा गोंदही त्या दिवसांत सांध्याभोवती पांढरी साय धरतो. जुलै ते सप्टेंबर फक्त कापाकापी केली. पाच बॉक्सएन वाघिणी प्लास्टिकच्या एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापल्या. खरी वाघीण जोडसाखळी धरून १०.७१३ मीटर लांब, म्हणजे माझी १२३ मिलिमीटर. रिकामा डबा इतका हलका झाला की वळणावर उडू लागला. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने या प्रमाणासाठी एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस असे वजन सुचवलेले आहे. त्या हिशेबाने सुमारे ९७ ग्रॅम हवे होते. वास्कोच्या बाजारातून गळाला लावायचे शिसे आणून ते कोळशाच्या खाली दडवले.

रंगाचे खरे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये, हवा कोरडी झाल्यावर सुरू झाले. पहिल्या वाघिणीला मी इतके रंग, इतका गंज लावला की मामांनी ती हातात घेऊन भंगारात निघालेली आहे का, असे विचारले. त्यानंतर वही उघडली. वहीत गंज सगळीकडे नव्हताच. वाघिणीची वरची कड उतरवणी यंत्रांच्या धक्क्यांनी वाकलेली आणि तिथेच रंग उडालेला. उभ्या पट्ट्यांच्या खाली, जिथे पाणी साचून ओघळते, तिथे गंजाच्या रेघा. आडव्या पट्टीच्या वरच्या अंगाला कोळशाची काळी धूळ आणि खालच्या अंगाला जवळजवळ काही नाही. दाराच्या खालच्या कोपऱ्यात चिखल. बोगीवर तपकिरी धूळ, ब्रेकची आणि मातीची, पण चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या पट्ट्या मात्र आरशासारख्या. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि माणसाचा किंवा यंत्राचा हात कुठे लागतो, एवढे पाहिले की ब्रश कुठे न्यायचा ते कळते.

उरलेल्या चार वाघिणींना एकेक खरी वाघीण समोर ठेवून रंगवले. आधी सगळ्या डब्याला गंजाचे दोन-तीन तपकिरी रंग, त्यावर व्हार्निश, ते वाळल्यावर केसांना मारायच्या स्प्रेचे दोन थर आणि त्यावर पाण्यात विरघळणारा तांबूस तपकिरी रंग. अर्ध्या तासाने ओल्या ब्रशने हव्या त्या जागी हलकेच घासले की खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खऱ्या खपल्यांसारखा सुटतो. तासाभरापेक्षा जास्त थांबलो तेव्हा खपल्या निघेनात. पांढरी अक्षरे घरच्या प्रिंटरवर छापता येत नाहीत, म्हणून पांढऱ्या डिकल कागदावर (पाण्यात भिजवून छाप चिकटवायचा कागद) सभोवतीची जागा वाघिणीच्याच रंगात छापली आणि अक्षरे तशीच कोरी सोडली. रंग थोडा वेगळा आला. तो वरच्या मळाने झाकला. शेवटी खडूच्या काड्या सँडपेपरवर घासून केलेली भुकटी मऊ ब्रशने कोपऱ्यांत बसवली आणि मंद व्हार्निशने पक्की केली. व्हार्निशखाली भुकटी निम्मी फिकट होते, त्यामुळे डोळ्यांना जास्त वाटेल इतकी लावावी.

भरलेल्या दोन वाघिणींवर ताडपत्री घातली, कारण मुरगावहून घाट चढणारा कोळसा तसाच झाकून जातो. कोळशाच्या या वाहतुकीबद्दल गोव्यात माणसे रस्त्यावर आणि रुळांवर उतरलेली आहेत. माझे मत इथे सांगायचे कारण नाही, पण कोळसा काढून टाकून फक्त हिरवा घाट दाखवणे मला खोटे वाटले असते. ताडपत्री म्हणजे फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू कागद आहे.

२९ डिसेंबर २०२४ ला सगळे जोडून झाले आणि मामांना बोलावले. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, आणि बराच वेळ डोंगराच्या पायथ्याकडे पाहत राहिले. वाघिणींकडे त्यांचे लक्षच नव्हते. मग म्हणाले, “आरे, गटार खंय?” मला कळेना. डोंगराच्या बाजूने रुळांना लागून पाण्याचे गटार हवे, नाहीतर पहिल्याच पावसात खडी वाहून जाईल, आणि पावसाळ्याआधी ते साफ करण्यात दर उन्हाळ्यात आमची कंबर गेली, असे त्यांनी सांगितले. पाच रविवार फलाटावर बसून मी वाघिणी पाहत होतो. फलाटाजवळ ते गटार नजरेत आले नव्हते आणि घाटात तर मी गेलोच नव्हतो.

चिकटवलेली खडी आणि प्लास्टर जानेवारीत छिन्नीने कापले. आठशे मिलिमीटरचे गटार माझ्या प्रमाणात नऊ मिलिमीटरचे होते, सहा फूट लांब. त्याला तीन रविवार लागले आणि बोगद्याजवळचे गवत पुन्हा लावावे लागले. १९ जानेवारी २०२५ ला मामा परत आले तेव्हा गटारात चकचकीत व्हार्निशचे पाणी होते. त्यांनी बोट टेकवून पाहिले आणि मोरीच्या तोंडाशी थोडा पाला अडकलेला असतो तो घालायला सांगितला. तो त्याच दुपारी घातला.